पाच लाखांची गाडी, पाचशेचा लिंक रॉड

बडोद्याच्या फतेगंजातल्या कुठल्याही गॅरेजसमोर सकाळी दहाला उभे राहा. आल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय-टेन, टियागो, क्विड. रांगेत छोट्या गाड्याच जास्त. मालक कोण? विद्यापीठातला शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, शिकवण्या घेणाऱ्या बाई, पहिल्या नोकरीच्या पगारावर पहिली गाडी घेतलेला मुलगा. या लोकांनी गाडी घेताना रुपया न् रुपया मोजला होता. शोरूमने त्यांना ऑन-रोड किंमत सांगितली, हप्ता सांगितला, एव्हरेज सांगितलं. पाचव्या-सहाव्या वर्षी क्लच जाईल आणि तेव्हा किती पैसे लागतील, हे कुणी सांगितलं नाही.

ज्याच्याकडे पैसा सर्वात कमी, त्यालाच माहिती सर्वात कमी दिली जाते. मग त्या अज्ञानातून सर्व्हिस सेंटर, गॅरेज आणि विमा एजंट आपापला वाटा काढतात. छोटी गाडी सांभाळायला फारसा पैसा लागत नाही. ती कशी सांभाळायची हे ठाऊक नसलं की मात्र लागतो. म्हणून आज या सदरात राजकारण नाही. आज फक्त गाडी.

क्लच: सवयीचा दंड

फतेगंजच्या उड्डाणपुलाच्या चढावर वाहनं अडली की बघा. निम्मे चालक हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात. त्या वेळी आत काय चाललेलं असतं? क्लच प्लेट फ्लायव्हीलला पूर्ण चिकटलेली नसते आणि पूर्ण सुटलेलीही नसते. ती घासत असते, तापत असते, झिजत असते. नीट हाताळलेला क्लच साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज जातो. अर्ध्या क्लचवर चालवणारा तोच क्लच तीस हजारांत संपवतो.

लक्षणं साधी आहेत. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. पेडल वरच्या टोकाला आल्यावरच गाडी उचलते. चढावर जळका वास येतो. यातलं काही दिसलं तर क्लच आठवडाभर पुढे ढकलण्यात अर्थ नाही, कारण पुढचं नुकसान फ्लायव्हीलचं असतं.

काम करताना एक गोष्ट ठामपणे सांगा: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असते. नुसती प्लेट बदलून हजार-दीड हजार वाचवले आणि सहा महिन्यांत बेअरिंग ओरडू लागलं, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. छोट्या गाडीचा हा सगळा खर्च बाहेरच्या गॅरेजमध्ये साधारण सहा ते आठ हजार. सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पाय पेडलवरून पूर्ण काढायला शून्य रुपये लागतात.

खडखड: आधी स्वस्त भाग तपासा

छोट्या गाडीची सर्वात नेहमीची तक्रार म्हणजे पुढून येणारा ‘टक-टक’ आवाज. खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून हळू जाताना तो येतो. मालक घाबरतो, गॅरेजवाला ‘सस्पेन्शन गेलं’ म्हणतो आणि दहा-बारा हजारांचा आकडा पुढे ठेवतो.

थांबा. पुढच्या चाकाजवळ एक छोटा दांडा असतो, त्याला लिंक रॉड म्हणतात. वळणावर गाडी एका बाजूला झुकू नये म्हणून अँटी-रोल बार असतो. तो चाकाच्या स्ट्रटला याच दांड्याने जोडलेला असतो. त्याच्या टोकाचे छोटे बॉल जॉइंट झिजले की नेमका हाच आवाज येतो. एका बाजूचा रॉड साधारण पाचशे ते आठशे रुपयांना मिळतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. काही छोट्या गाड्यांत हा दांडाच नसतो. तिथे बारचे रबर बुश तपासायचे. त्यानंतर लोअर आर्मचे बुश, मग बॉल जॉइंट, मग स्ट्रट माउंटिंग आणि सर्वात शेवटी शॉक अॅब्झॉर्बर. तपासणीचा क्रम हाच हवा: स्वस्ताकडून महागाकडे. उलट्या क्रमाने जाणारं गॅरेज बदला.

एक चाचणी घरीच करता येते. गाडी सपाटीवर उभी करून बॉनेटच्या कोपऱ्यावर जोरात दाब द्या आणि सोडा. गाडी वर येऊन एकदाच स्थिरावली तर शॉक अॅब्झॉर्बर ठीक आहे. दोन-तीनदा हेलकावली तर झिजला आहे. लोअर आर्म किंवा टाय रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट केलंच पाहिजे, नाही तर नव्या टायरची एक कड काही महिन्यांत खाल्ली जाते.

आता महापालिकेसाठी दोन शब्द. पावसाळ्यात खोदलेला रस्ता दिवाळीपर्यंत उघडा राहतो, आणि त्या खड्ड्यांत तुटलेले लिंक रॉड, फुटलेले बुश, वाकलेले रिम या साऱ्याचं बिल नागरिक भरतो. रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्वाची मुदत असते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही मुदत आणि कंत्राटदाराचं नाव प्रत्येक रस्त्याच्या सुरुवातीला फलकावर लिहा. आमचे हजारो रुपये वाचतील.

पाणी आणि कूलंट

बडोद्याचा पारा उन्हाळ्यात चाळिशीच्या वर जातो. इंजिनाला स्वतःचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास राखायचं असतं. ते काम कूलंट, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून करतात. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतल्या धातूला गंज धरत नाही. नळाचं पाणी ओतलं की दोन्ही फायदे जातात आणि वर क्षारांचा थर बसतो, तो वेगळाच.

इथे बचत आणि नुकसान यांचं गणित सर्वात भयंकर आहे. छोट्या गाडीत तीन-चार लिटर कूलंट बसतं. ते सगळं बदललं तरी हजार-पंधराशेत काम होतं. ते टाळलं, रेडिएटर तुंबला किंवा होज पाइप फुटला आणि तापमानाचा लाल दिवा लागूनही ‘घर जवळच आहे’ म्हणून तुम्ही गाडी चालवत राहिलात, तर अॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं आणि हेड गॅस्केट जळतं. मग पंधरा-वीस हजारांपासून सुरुवात. इंजिन उघडलं की त्याच्या दुप्पट.

लाल दिवा लागला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा, एसी आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं द्रव दाबाखाली असतं, चेहरा भाजतो. अर्धा-पाऊण तास वाट बघा. पातळी कमी असेल तर ती का कमी झाली हे शोधा. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही; ते बंद चक्रात फिरतं. ते कमी झालं याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

‘गाडी चाललीच नाही’

निवृत्त मंडळींचं ठरलेलं वाक्य: ‘वर्षात तीन हजारच किलोमीटर झाले, सर्व्हिस कशाला?’ काका, तुमच्याच गाडीला ती जास्त हवी. घर ते सयाजीबाग, घर ते दवाखाना, घर ते भाजी. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पूर्ण तापतच नाही. जळताना तयार झालेली वाफ आतच थंड होते, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल चालण्याआधीच बिघडतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. वर्ष झालं की ऑइल आणि फिल्टर बदला. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला पंधरा-वीस किलोमीटर न्या, बॅटरीही टिकेल.

टायरचंही तेच. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चालवणारे सज्जन मी रोज बघतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होतं आणि पावसात रस्ता सोडतं. सहा वर्षांपुढच्या टायरबाबत हिशोब करू नका, बदला.

सर्व्हिसच्या नावाखाली

आता सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर या. सहा हजारांचं बिल अकरा हजारांवर कसं जातं? इंजिन डीकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, इंधनात टाकायची बाटली. सल्लागार भराभर वाचतो, तुम्ही मान हलवता, जॉब कार्डवर सही होते.

यावर उपाय म्हणजे एकच प्रश्न: ‘हे कंपनीच्या पुस्तिकेतल्या वेळापत्रकात आहे का?’ प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर तक्ता असतो. किती किलोमीटरला कोणता फिल्टर, कोणता प्लग, कधी ब्रेक फ्लुइड. त्या तक्त्यात असेल ते करा. नसेल तर आधी कारण विचारा. थ्रॉटलवर खरोखर काजळी साचून गाडी सिग्नलला बंद पडत असेल तर क्लीनिंग जरूर करा. बिलाचा आकडा गाठायला मात्र करू नका.

आणखी तीन सवयी लावा. बदललेला जुना भाग परत मागा. नव्या भागाचा खोका आणि त्यावरची किंमत बघा. बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर २८ टक्के होता. ही कपात तुमच्यापर्यंत पोचली की मधेच अडकली, हे बिलाशिवाय कळणार नाही.

सीएनजी: बचत खरी, जबाबदारीही खरी

गुजरातेत सीएनजी पंप जागोजागी आहेत आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्याला गॅसचा फायदा नक्की होतो. पण गॅसची गाडी म्हणजे ‘काही बघावं लागत नाही’ हा समज घातक आहे. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. टाकीत दोनशे बारच्या आसपास दाब असतो. ही चाचणी चुकवणारा मागे बसलेल्या मुलांचा जीव पणाला लावतो. गॅसवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लग आणि इग्निशन कॉइल लवकर दमतात. एअर फिल्टर तुंबला तर गॅसवर गाडी लगेच ओढेनाशी होते. दिवसातले काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे पंप आणि इंजेक्टर जिवंत राहतात. टाकीच्या वजनाने मागचे स्प्रिंग आणि टायर लवकर थकतात, हेही हिशोबात धरा.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांपुढे इथेनॉलचा प्रश्न आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० (दहा टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० (वीस टक्के इथेनॉल) मुळे सहा ते सात टक्के घटू शकते. आता बहुतेक पंपांवर तेच इंधन मिळतं. जुन्या गाडीच्या मालकाचं एव्हरेज घटणार हे सरकारला माहीत होतं. त्याची भरपाई दरात दिसायला हवी होती. ती दिसेपर्यंत निदान इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला तपासून घ्या. तडा दिसला तर थांबू नका.

विश्वामित्रीचं पाणी आणि सेल्फ

बडोदेकर मालकाचं सर्वात मोठं नुकसान एका मिनिटात होतं, आणि ते स्वतःच्या हाताने होतं. ३१ जुलै २०१९ ला या शहरात एका दिवसात चारशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. नदीकाठच्या वस्त्यांमधल्या पार्किंगात गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरलं, लोक खाली आले, दार उघडलं आणि ‘चालू होते का बघू’ म्हणून सेल्फ मारला.

तिथे इंजिन मेलं. पेट्रोल इंजिन आतली हवा साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत दाबतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. छोट्या गाडीत हवा आत घेणारी नळी पुढे, बऱ्यापैकी खाली असते. त्यामुळे साचलेल्या पाण्यातून चालवतानाही हा धोका तेवढाच असतो.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा. बुडालेली गाडी सुरू करायची नाही. चावी फिरवायचीही नाही. सुरक्षित असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा. गाडी ट्रकवर चढवून न्या, दोरीने ओढू नका. गॅरेजमध्ये प्लग काढून सिलिंडर रिकामे करा, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदला, एअर फिल्टर फेका, मगच सेल्फ. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहेच.

आता विमा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर येतो, पण पाण्यात सेल्फ मारल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान कंपन्या परिणामी नुकसान म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. ठरावीक वयापुढच्या गाडीला ते सहसा मिळत नाही, म्हणून गाडी नवी असतानाच घ्या. शिवाय साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो, आणि पुरात नेमके हेच भाग मोठ्या प्रमाणात खराब होतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. त्यामुळे हप्ता शंभर-दोनशेने कमी व्हावा म्हणून एजंट हे मूल्य खाली दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. तो तुमच्याच भरपाईचे हजारो रुपये कापतो आहे.

नदीकाठच्या शहरात विमा विकणाऱ्या प्रत्येकाने हे कलम समोर बसून समजावलं पाहिजे. बारीक अक्षरांत छापलं म्हणजे सांगितलं, असं होत नाही.

कंपनी गेली तर?

फतेगंजहून चाळीसेक किलोमीटरवर हालोल आहे. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथून ओपेल अॅस्ट्रा बाहेर पडली. पुढे कंपनीने भारतात शेव्हरोले स्पार्क आणि बीट या छोट्या गाड्या विकल्या. पुण्याजवळच्या तळेगावला दुसरा कारखाना उभा राहिला. एप्रिल २०१७ मध्ये हालोलचं उत्पादन थांबलं, मे महिन्यात कंपनीने भारतातली विक्री बंद करण्याची घोषणा केली आणि २०१७ च्या अखेरीस ती बंद झाली. हालोलच्या त्याच जागेत आज एमजीच्या गाड्या बनतात.

ज्यांनी २०१६ मध्ये बीट घेतली त्यांचं काय झालं? गाडीत दोष नव्हता. तरी जुन्या बाजारात किंमत कोसळली आणि एकेका भागासाठी वाट बघणं आलं. सुटे भाग आणि सेवा चालू राहतील असं कंपनीने जाहीर केलं होतं, पण शेजारच्या दुकानात मिळणारा भाग आणि मागवून येणारा भाग यांत मालकाचे आठ-दहा दिवस रिक्षाला जातात. म्हणून गाडी घेताना जाहिरातीआधी सुट्या भागांच्या दुकानात जा. दुकानदाराला विचारा: या गाडीचा क्लच संच, पुढचा बंपर, हेडलाइट, एसीचा कंडेन्सर आहे का आणि कितीला? पाच मिनिटांत त्या गाडीचं पुढचं दशक कळतं.

ही गोष्ट फक्त बंद पडलेल्या कंपन्यांपुरती नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कारण काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाचं निरीक्षण आजही लागू पडतं: गाडी घेतल्यावर ग्राहक कंपनीच्या कचाट्यात सापडतो. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. पाऊल चांगलं आहे. पुढचं पाऊल मी सांगतो: शोरूममधल्या प्रत्येक गाडीवर एव्हरेजच्या शेजारी दहा नेहमीच्या भागांची किंमत आणि पाच वर्षांच्या सर्व्हिसचा एकूण खर्च छापणं सक्तीचं करा.

वर्षाचा हिशोब

एक हजार सीसीपर्यंतची, वॉरंटी संपलेली, वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी घ्या. बाहेरच्या चांगल्या गॅरेजचा दर धरून माझा अंदाज असा. ऑइल, फिल्टर आणि वार्षिक सर्व्हिस ४,००० रुपये. चार टायर १४,००० रुपयांचे, पाच वर्षांवर विभागले तर वर्षाला २,८००. चार वर्षांच्या बॅटरीचे वर्षाला १,०००. क्लचसाठी बाजूला १,०००. ब्रेक पॅडचे ५००. सस्पेन्शनचे २,५००. एसीचे २,०००. थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये अधिक कर, म्हणजे सुमारे २,५००. बेरीज १६,३०० रुपये. महिन्याला चौदाशेच्या आत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा यात धरलेला नाही. पूर येणाऱ्या शहरात तो वर हवाच.

हे चौदाशे रुपये दरमहा वेगळ्या खात्यात टाका. मग क्लच गेला त्या महिन्यात मुलाची फी अडणार नाही आणि पैसे नाहीत म्हणून ब्रेकचं काम पुढे ढकललं जाणार नाही. निम्न-मध्यमवर्गीय घरात गाडीच्या देखभालीचा आणि घरातल्यांच्या सुरक्षिततेचा इतका थेट संबंध आहे.

पंधरा वर्षांपुढे गाडी ठेवणाऱ्याने आणखी एक आकडा धरावा. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं; १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० केलं. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण नीट राखलेल्या आणि चाचणी पास होणाऱ्या जुन्या गाडीला केवळ वयासाठी दंड करणं चूक आहे. निकष धूर आणि ब्रेकचा असावा.

बडोद्याला हे जमतं

यंत्राची निगा कशी राखावी हे बडोद्याला बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केलं. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तिथे सामान्य घरातल्या मुलांना यंत्रविद्या आणि रसायन शिकवलं गेलं, आणि मातृभाषेतून शिकवण्यावर भर दिला गेला. त्याच संस्थेतून आज विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा उभी आहे. आणि खुद्द फतेगंजात लष्कराचं ईएमई स्कूल आहे. सैन्याची वाहनं आणि यंत्रं चालती ठेवणाऱ्या दलाचं हे शिक्षणकेंद्र. त्यांच्या आवारातलं दक्षिणामूर्ती मंदिर १९६६ चं, अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचं. शहर ते बघायला जातं. लष्करात वाहन बिघडण्याआधी ते तपासायची शिस्त असते. त्याच वस्तीतला नागरिक मात्र गाडी बंद पडल्यावरच बॉनेट उघडतो.

म्हणून अभियांत्रिकी विद्याशाखेला, आयटीआयला आणि शहरातल्या मराठी-गुजराती मंडळांना माझी स्पष्ट मागणी आहे. रविवारी सकाळी तीन तासांचा वर्ग घ्या. एक जुनी आल्टो मधे उभी करा. डिपस्टिक कशी वाचायची, कूलंटची पातळी कुठे असते, ब्रेक पॅड किती झिजला, टायरची तारीख कुठे लिहिलेली असते, फ्यूज कसा बदलायचा, बिल कसं तपासायचं. मराठीत शिकवा, गुजरातीत शिकवा. महिलांसाठी वेगळी बॅच ठेवा, कारण गॅरेजमध्ये सर्वात जास्त त्यांनाच फसवलं जातं आणि सर्वात कमी त्यांनाच समजावलं जातं. वर्गाचा खर्च एका क्लच संचाइतकाही येणार नाही.

तो वर्ग सुरू होईपर्यंत थांबू नका. गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, कागदपत्रांखाली पडलेली आहे. ती काढा, देखभालीचं वेळापत्रक असलेलं पान उघडा, त्याचा फोटो घेऊन मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या सर्व्हिसला काउंटरवर तोच फोटो समोर धरा आणि त्यात नसलेल्या प्रत्येक ओळीचं कारण मागा. कारण पटलं तर पैसे द्या. नाही पटलं तर ती ओळ खोडायला लावा, आणि ती खोडल्यावरच सही करा.